धुके, बुरशी आणि साठ हजार गिल्डर

१६८१ सालच्या जानेवारीत रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि वर्ष सरता सरता औरंगजेब सगळा लवाजमा घेऊन बुऱ्हाणपुरात येऊन ठेपला. मराठी माणसाला ते वर्ष आठवते ते एवढ्यासाठी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मध्य युरोपातल्या एका उथळ तळ्याकाठच्या गावाने आपल्या बादशहाशी एक व्यवहार केला. बादशहा म्हणजे हॅब्सबर्ग घराण्याचा पहिला लेओपोल्ड. गाव म्हणजे रुस्ट. गावाने द्यायचे साठ हजार सोन्याचे गिल्डर आणि शिवाय पाचशे आयमर वाइन, म्हणजे आजच्या मापाने जवळपास तीस हजार लिटर. बादशहाने द्यायचे 'स्वतंत्र राजनगर' हे बिरुद आणि त्याबरोबरचे हक्क. गावावर कोणा सरदाराचा अंमल नाही, न्यायनिवाडा गावाचा गावात आणि हंगेरीच्या राज्यसभेत गावाची स्वतःची जागा. रक्कम पोहोचती झाली, पिंपे पोहोचती झाली, सनद हाती आली.

यातला रोकड्याचा भाग समजायला सोपा आहे. लेओपोल्डला पैशांची निकड होती. पूर्वेला तुर्क उभे होते आणि दोनच वर्षांनी, १६८३ मध्ये, त्यांनी व्हिएन्नाला वेढा घातला. गावाची निकड वेगळी होती. रुस्टची बहुतेक वस्ती ल्यूथरपंथी, आणि ते दिवस कॅथलिक सत्तेने प्रोटेस्टंटांची चर्चे काढून घेण्याचे. रुस्टकरांचे चर्चही असेच गेले होते. मधल्या सरदाराच्या तावडीतून सुटून थेट राजाच्या छत्राखाली जावे, म्हणजे निदान घरात, मळ्यात आणि प्रार्थनेत रोजची ढवळाढवळ थांबेल, असा त्यांचा हिशेब होता.

पण वाइन कशाला? बादशहाच्या तळघरात वाइनची काही टंचाई नव्हती. त्याचे उत्तर असे की रुस्टची गोड वाइन ही त्या काळी नाण्याइतकी चालणारी चीज होती. साखर महाग होती, गोड खाणे हे श्रीमंतांचे लक्षण होते आणि ही दाट, सोनेरी वाइन वर्षानुवर्षे टिकत असे, लांबच्या प्रवासात नासत नसे. पिंपेच्या पिंपे उत्तरेकडे सायलीशियात, पोलंडात जात. तिचे नाव 'आउसब्रुख'. बादशहाने ती मागितली यात त्याची हौस जितकी, तितकाच व्यवहार होता.

आज रुस्ट ऑस्ट्रियात आहे, व्हिएन्नापासून आग्नेयेला साधारण साठ किलोमीटरवर, बुर्गनलांड नावाच्या प्रांतात. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. आपल्याकडे एवढ्या गावाला ग्रामपंचायत असते आणि तिथला सरपंच तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत असतो. रुस्ट मात्र १६८१ च्या त्या सनदेच्या पुण्याईने आजही स्वतःची सनद असलेले शहर आहे, ऑस्ट्रियातले असे सर्वांत छोटे. जिल्हा पातळीवरचा कारभार इथे नगरपालिकाच चालवते. रुस्टचा माणूस आपल्या गावाला गाव म्हणत नाही, 'फ्राइश्टाट', मुक्तनगर, म्हणतो. आपण त्याला गाव म्हणू, कारण चालत निघाले तर जुनी वस्ती पंधरा मिनिटांत संपते.

संपते, पण बघायला वेळ लागतो. नगरपालिकेच्या चौकापासून घरांच्या रांगा सुरू होतात. पिवळट, गुलाबी, पांढऱ्या भिंती, खिडक्यांभोवती सोळाव्या-सतराव्या शतकातली नक्षी. प्रत्येक घराला एक कमानीचा दरवाजा, घराच्या मानाने फारच मोठा. तो माणसांसाठी नव्हताच, द्राक्षांनी भरलेल्या गाडीसाठी होता. आत शिरले की अरुंद, लांबलचक अंगण मागे मागे जात राहते. एका बाजूला ओळीने खोल्या, मग द्राक्षे चेपायची जागा, खाली तळघराचा जिना, शेवटी कोठार आणि त्यापलीकडे थेट वाडीची हद्द. रस्त्यावरून दिसणारे तोंड शहराचे आणि मागचे सगळे अंग शेतकऱ्याचे. रुस्टचा स्वभाव या घरांत बरोबर उतरला आहे.

यांतली पुष्कळ अंगणे वर्षातल्या ठरावीक आठवड्यांत गुत्ता होतात. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढले की शेतकऱ्याने आपल्या मळ्यातली वाइन आपल्या घरी बसवून गिऱ्हाइकाला विकावी, त्याला आडकाठी नाही. तेव्हापासून दारावर हिरवी डहाळी टांगली की आत वाइन चालू आहे असे समजायचे. लाकडी बाक, थंड मांस, चीज, पाव, आणि घरचीच माणसे वाढायला. त्याच जोसेफने १७८१ मध्ये धर्मसहिष्णुतेचा हुकूम काढला होता आणि त्याच्या आधाराने रुस्टच्या प्रोटेस्टंटांनी लगोलग आपले नवे चर्च बांधले. हुकुमाप्रमाणे त्याला मनोरा बांधायची परवानगी नव्हती. तो पुढच्या शतकात चढला. पैसे देऊन मुक्त झालेल्या गावालाही आपल्या पद्धतीने देवाचे नाव उघडपणे घ्यायला अशी शंभर वर्षे थांबावे लागले.

आता तळे. जर्मनमध्ये नॉयझीडलर झे, हंगेरियनमध्ये फेर्टो. क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या जवळ, म्हणजे पैठणच्या नाथसागरापेक्षा थोडेसेच लहान. पण खोली? सर्वांत खोल जागी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, सरासरी जेमतेम एक मीटर. उंच माणूस मनात आणले तर बहुतेक तळे चालत ओलांडू शकेल, चिखलाने पाय सोडला तर. निम्म्याहून अधिक तळे वेतासारख्या उंच बोरूने व्यापलेले आहे. डॅन्यूबच्या मुखाशी असलेले बन सोडले तर युरोपात एवढे सलग बोरूचे बन दुसरे नाही. रुस्टहून पाण्याकडे जायचे तर या बनातून काढलेल्या बांधावरून जावे लागते; दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बोरू, आणि पाणी दिसायच्या आधी त्याचा वास येतो. हिवाळ्यात तळे गोठले की बोरू कापतात. घरांच्या छपरांसाठी तो दूरदूर जातो.

या तळ्यातले पाणी वाहून जायला नैसर्गिक वाट नाही. पाणी येते ते मुख्यतः पावसाचे, जाते ते बहुतेक सगळे वाफ होऊन. हंगेरीच्या बाजूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक कालवा खोदून पूर्ण झाला, तीच काय ती वाट. पाण्यात सोड्याचा अंश आहे, त्यामुळे ते किंचित खारट. आणि तळे अधूनमधून चक्क नाहीसे होते. १८६५ ते १८७१ या काळात ते पूर्ण कोरडे पडले होते. लोकांनी तळावर पिके घेतली, जमीन कोणाच्या मालकीची यावरून वाद घातले, आणि तोवर पाणी परत आले.

अशा लहरी, उथळ पाण्याच्या जिवावर एका गावाची श्रीमंती कशी उभी राहिली हे समजायला आधी नाशिककडे पाहावे लागेल. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला विचारा, डिसेंबरात पहाटे धुई पडली तर त्याच्या पोटात कसा गोळा येतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, मणी फुगायला लागलेले, आणि त्यावर सकाळपर्यंत ओल. डावणी, भुरी, घडकूज. मग फवारणीमागून फवारणी. धुके म्हणजे कर्ज वाढले असेच आपल्याकडे समीकरण आहे. रुस्टमध्ये शरद ऋतूत शेतकरी ज्याची वाट पाहतो ते नेमके हेच धुके.

सप्टेंबर संपला की रात्री थंडावतात, पण उन्हाळाभर तापलेले उथळ पाणी अजून कोमट असते. पहाटे तळ्यावरून धुके उठते आणि गावामागच्या टेकड्यांच्या उतारावरच्या मळ्यांत शिरते. त्या ओलीत पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. दुपारपर्यंत धुके उडते, ऊन पडते, वारा सुटतो आणि बुरशीचा जोर थांबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नुसतीच ओल राहिली असती तर सगळा घड सडला असता. नुसतेच ऊन असते तर बुरशी धरलीच नसती. दोन्ही आलटून पालटून मिळाले की बुरशी मण्याच्या सालीला सूक्ष्म भोके पाडते आणि त्यांतून आतले पाणी उडून जाते. साखर, आम्ल, सुगंध मागे राहतात. मणी आधी जांभळट-तपकिरी होतो, मग सुरकुततो आणि शेवटी वेलीवरच त्याचा बेदाणा होतो, वर राखाडी लव घेऊन. तासगावच्या शेडमध्ये जे काम माणूस करतो ते इथे बुरशी करते आणि त्यात स्वतःची चव घालते. मध, सुकी जर्दाळू, संत्र्याची साल असे काहीतरी.

दिसायला हे फळ ओंगळ असते. नवख्या माणसाच्या हाती दिले तर तो फेकूनच देईल. तोडणीला म्हणूनच जाणती माणसे लागतात. अख्खा घड कापून चालत नाही. एका घडात दहा मणी तयार, वीस अर्धवट आणि पाच खरोखरीच कुजलेले असतात. तयार मणी तेवढे बोटांनी उचकायचे, बाकीचे वेलीवर ठेवायचे आणि पुढच्या फेरीला परत यायचे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, कधी त्याहून पुढेही या फेऱ्या चालतात. तोवर पक्षी टपलेले असतात आणि पावसाची एक लांबलेली झड सगळे पाण्यात घालू शकते. गोळा झालेले सुकलेले मणी इतके कोरडे असतात की चेपले तरी रस सुटत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत त्यांवर त्याच मळ्यातल्या कमी सुकलेल्या द्राक्षांचा ताजा रस ओततात, भिजू देतात, मग चेपतात. निघतो तो रस काकवीसारखा संथ. यीस्टला तो पचता पचत नाही. आंबण्याची क्रिया महिनोन् महिने रेंगाळते आणि पुष्कळशी साखर तशीच ठेवून थांबते. मग पिंपात काही काळ.

आकड्यात सांगायचे तर, आज कायद्याने आउसब्रुखसाठी रसात वजनाने किमान तीस टक्के साखर लागते. खायची द्राक्षे आपल्याकडे अठराच्या आसपास ब्रिक्स भरले की तोडायला घेतात. मधले अंतर बुरशीने भरून काढायचे आणि त्यासाठी फळाचे निम्म्याहून अधिक वजन हवेत सोडून द्यायचे. एरवी ज्या बागेतून चार बाटल्या निघतील तिथून एक निघाली तर निघाली. आणि दरवर्षी निघेलच असे नाही. ज्या वर्षी धुके आणि ऊन यांची वेळ जुळत नाही, त्या वर्षी मुकाट्याने साधी वाइन करायची. हे मुकाट्याने बसणे महत्त्वाचे आहे. पुढे जे घडले ते न बसवल्यामुळे घडले.

त्याआधी थोडे मागे. गावाचा पहिला लेखी उल्लेख १३१७ चा आहे, तेव्हा हा सारा मुलूख हंगेरीचा. १५२४ मध्ये हंगेरीची राणी मारिया हिने रुस्टकरांना आपल्या पिंपांवर 'आर' हे अक्षर डागण्याचा हक्क दिला. म्हणजे पिंप कुठेही गेले तरी ते रुस्टचेच आहे हे गिऱ्हाइकाला कळावे. आज आपण भौगोलिक मानांकन म्हणतो, नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला ते आहे, त्याचाच हा पाचशे वर्षांपूर्वीचा अवतार. रुस्टच्या बाटलीचे बूच उपसले तर त्यावर हा 'आर' आजही उमटवलेला दिसतो. राणीचे पुढे वाईट झाले. दोनच वर्षांनी, १५२६ मध्ये, मोहाचच्या लढाईत तिचा नवरा राजा लायोश तुर्कांपुढे हरून पळताना मेला आणि जुने हंगेरी मोडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकडे पानिपतावर इब्राहिम लोदी पडला होता. मोठी कठीण साल होती ती, पण द्राक्षांना बहुधा चांगली गेली. शेजारच्या डोनर्सकिर्खेन गावात १५२६ च्या सुकलेल्या द्राक्षांची एक वाइन केली गेली. ती इतकी नावाजली की पिंप रिकामे होऊ नये म्हणून त्यात भर घालत घालत लोक १८५२ पर्यंत तिचा आस्वाद घेत राहिले. 'ल्यूथर वाइन' असे तिला म्हणत.

दंतकथांचीही वाण नाही. गावातल्या सर्वांत जुन्या चर्चला 'कोळ्यांचे चर्च' म्हणतात. आत भिंतींवर मध्ययुगीन चित्रे आहेत. मंगोलांच्या स्वारीत पळणाऱ्या एका राणीला तळ्यातल्या कोळ्यांनी वाचवले आणि तिने कृतज्ञतेने तिथे एक देव्हारा बांधून दिला, असे सांगतात. वाइनच्या गावातले मुख्य जुने चर्च कोळ्यांच्या नावाने असावे यातही गंमत आहे. तळे आधी, मळा नंतर, याची ती कबुली म्हणायची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने युरोपभरचे मळे उजाड केले, त्यात इथलेही गेले आणि अमेरिकी खुंटावर कलमे करून पुन्हा उभे राहिले. मग पहिले महायुद्ध. साम्राज्य फुटले. जर्मन बोलणारा हा पश्चिम हंगेरीचा पट्टा तहाने ऑस्ट्रियाच्या वाट्याला आला. त्याची नैसर्गिक राजधानी शोप्रोन, तिथे मात्र डिसेंबर १९२१ मध्ये सार्वमत झाले आणि ते शहर हंगेरीत राहिले. रुस्टची बाजारपेठ, शाळा, नातीगोती सगळी शोप्रोनशी बांधलेली. ते आता परदेश झाले. हंगेरीचे म्हणून ओळखले जाणारे फुर्मिंट हे द्राक्ष, ज्यावर जुन्या आउसब्रुखची मदार होती, तेही हळूहळू मळ्यांतून नाहीसे झाले.

दुसऱ्या युद्धाच्या अखेरीस या सीमेवर तटबंदी खोदण्यासाठी हजारो हंगेरियन ज्यूंना वेठीला धरले गेले, आणि त्यांतले कितीतरी तिथेच मेले. बुर्गनलांडच्या गोड आठवणींच्या पुस्तिकांत हे पान फार क्वचित असते. १९४५ ते १९५५ इथे रशियन फौजा होत्या. त्याच काळात तळ्याच्या दक्षिण टोकाच्या बोरूतून लोखंडी पडदा गेला. रुस्टच्या पुढचे मोर्बिश हे गाव, की संपला पाश्चात्त्य युरोप. १९ ऑगस्ट १९८९ रोजी शेजारच्या झांक्ट मार्गारेटेनच्या हद्दीवर शोप्रोनजवळ 'पॅन-युरोपियन पिकनिक' भरली, सीमेवरचे फाटक थोड्या वेळासाठी उघडायचे ठरले होते, आणि सुमारे सहाशे पूर्व जर्मन नागरिक त्यातून धावत पलीकडे गेले. बर्लिनची भिंत पडायला अजून अडीच-तीन महिने होते. आज त्याच वाटेने तळ्याला फेरी मारणारे सायकलवाले जातात आणि सीमा कधी ओलांडली ते त्यांना कळतही नाही.

पण रुस्टच्या वर्मी बसलेला घाव कोणत्याच सैन्याने घातलेला नाही.

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या सुपरमार्केटांना गोड वाइन हवी होती, पुष्कळ हवी होती आणि स्वस्त हवी होती. ऑस्ट्रियाच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी करार केले. वर्ष वाईट गेले तरी करार पाळायचा होता. साखर घातली तर तपासणीत सापडते. तेव्हा कोणा रसायनतज्ज्ञाच्या डोक्यातून कल्पना निघाली: डायएथिलीन ग्लायकॉल. हे औद्योगिक द्रावक. चवीला गोडसर, वाइनला दाटपणा आणते, पातळ वाइन महाग वाइनसारखी जिभेवर रेंगाळते, आणि तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत दिसत नाही. मूत्रपिंडाला विष आहे, ही बाब बाजूला ठेवली गेली. एका व्यापाऱ्याने या रसायनाच्या खरेदीवरचा कर परत मागितला आणि एवढे ग्लायकॉल वाइनवाल्याला कशाला, असा प्रश्न कर खात्यातल्या कोणाला पडला, असा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. खरा असो नसो, १९८५ च्या वसंतात ऑस्ट्रियन सरकारला प्रकरण मान्य करावे लागले. जूनअखेर जर्मनीत श्टुटगार्टच्या सुपरमार्केटमधून उचललेल्या एका बाटलीत ते सापडले. बाटलीवर लिहिले होते: रुस्टर आउसलेजे, १९८३.

चारशे वर्षांहून अधिक काळ ज्या नावाची खूण पिंपांवर डागली जात होती, ते नाव जगाच्या वर्तमानपत्रांत गेले ते असे. बहुतेक लहान शेतकऱ्यांचा यात हात नव्हता. धंदा मोठ्या व्यापाऱ्यांचा आणि पिंपे मिसळणाऱ्यांचा होता. पण गिऱ्हाईक एवढे बघत बसत नाही. ऑस्ट्रियाची वाइन निर्यात एका वर्षात दहाव्या हिश्शावर आली. जर्मनीत जप्त केलेली कोट्यवधी लिटर वाइन नष्ट कशी करायची हाच प्रश्न झाला; एका सिमेंट कारखान्याच्या भट्टीत ती पाण्याऐवजी थंड करायला वापरली गेली. दोषी तुरुंगात गेले. वाइन पिऊन कोणी दगावल्याची नोंद मात्र नाही.

आपल्याकडे तसे भाग्य नव्हते. त्या घोटाळ्याला वर्षही झाले नसेल, १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध खात्यापासून मंत्रालयापर्यंत कोणाचीच भीड न ठेवता अहवाल लिहिला. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. आणि तरीही २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधातल्या याच विषाने मेली. त्यांतल्या कितीतरी मुलांवर नागपुरात उपचार चालू होते. ऑस्ट्रियाशी तुलना करताना मला राग येतो तो इथे. तिकडे माणूस मेला नव्हता, फक्त नाव गेले होते, तर त्यांच्या संसदेने ऑगस्ट १९८५ मध्येच, म्हणजे काही आठवड्यांत, युरोपातला अत्यंत कडक वाइन कायदा केला आणि तो राबवला. प्रत्येक बाटलीला सरकारी तपासणी क्रमांक, तोंडावर लाल-पांढरी-लाल पट्टी, द्राक्षाच्या तोडणीपासून कागद. अहवाल आपल्याकडेही उत्तम लिहिले जातात.

रुस्टमध्ये तेव्हा शेतकऱ्यांनी बोंब मारून कायद्याला विरोध केला नसता तरच नवल होते. लहान माणसाला कागदपत्रांचा जाच सगळ्यात आधी होतो. तरीही पुढच्या दहा वर्षांत गाव ज्या पद्धतीने सावरले त्याचे श्रेय त्या कायद्याला आणि गावातल्या दहा-वीस हट्टी घरांना द्यावे लागते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, ज्या वाइनला साखर किंवा ग्लायकॉल लपवायला जागाच नाही अशी कोरडी वाइन मनावर घेतली. एर्न्स्ट ट्रीबाउमर यांच्या मारियेंटाल मळ्यातल्या १९८६ च्या ब्लाउफ्रँकिश या लाल वाइनने ऑस्ट्रियात लाल वाइनही गांभीर्याने घ्यावी लागते हे दाखवून दिले. दुसरी गोष्ट, जुन्या आउसब्रुखकडे जुन्याच शिस्तीने परतले. रोबेर्ट वेन्झेल यांच्यासारख्यांनी हंगेरीतून फुर्मिंटची कलमे आणून ते द्राक्ष पुन्हा लावले. १९९१ मध्ये आउसब्रुख करणाऱ्यांनी आपले मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी देशाची वाइन अकादमी रुस्टमध्येच सुरू झाली. जगभरचे लोक आता वाइन शिकायला त्या गावात येतात ज्याचे नाव १९८५ मध्ये भेसळीशी जोडले गेले होते. हाइडी श्र्योक या रुस्टच्या वाइनकार बाई २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम वाइनकार ठरल्या. आणि २०२० मध्ये 'रुस्टर आउसब्रुख' या नावाला कायद्याचे कुंपण पडले. ते नाव आता रुस्टच्या हद्दीतल्या द्राक्षांखेरीज कोणालाच लावता येत नाही. राणीच्या 'आर'चे वर्तुळ, म्हणा हवे तर, पाच शतकांनी पक्के झाले.

गावाची दुसरी ओळख धुराड्यांवर राहते. मार्चअखेरीला आफ्रिकेतून पांढरे करकोचे येतात आणि जुन्या घरांच्या धुराड्यांवर काड्यांची भलीमोठी घरटी दुरुस्त करायला लागतात. करकोच्याला कंठ नाही. नर-मादी भेटली की माना मागे टाकून चोची वाजवतात आणि सबंध चौकात टाळ्यांसारखा कडकडाट होतो. ऑगस्टअखेर ते निघून जातात. त्यांना बेडूक, टोळ, उंदीर लागतात आणि त्यासाठी तळ्याकाठची ओली कुरणे. गुरे पाळणे कमी झाले तशी ही कुरणे बोरूने गिळली आणि करकोचे घटू लागले. मग गावाने मुद्दाम गुरे आणून कुरणे चरायला दिली. पर्यटकांना करकोचे हवे असतात, त्यासाठी गाय पाळावी लागते. असल्या गोष्टी नकाशावर आखून होत नाहीत.

आता खरी धास्ती पाण्याची आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तळ्याची पातळी १९६५ नंतर कधी नव्हती इतकी खाली गेली. नावा चिखलात बसल्या. डॅन्यूबच्या खोऱ्यातून पाणी आणून तळ्यात सोडायचे बेत ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोघेही करीत आहेत. पर्यावरणवाल्यांचे म्हणणे वेगळे आहे. तळ्यातले पाणी सोड्याचे, नदीचे गोडे. त्यात भर घातली तर तळ्याचा स्वभावच बदलेल, शिवाय अधूनमधून आटणे हा या तळ्याचा जुना धर्म आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण शेतकऱ्याचा प्रश्न सोपा आणि टोकदार आहे: पाणी नाही तर धुके नाही, धुके नाही तर बुरशी नाही, आणि बुरशीवाचून रुस्टची वाइन म्हणजे आणखी कुठल्याही गावची वाइन. १८६५ ते १८७१ ची सहा कोरडी वर्षे त्यांच्या खापरपणजोबांनी काढली; तेव्हा हवामान पुन्हा पूर्वपदावर येईल अशी खात्री तरी होती.

युरोपच्या सहलीत व्हिएन्ना एक दिवसात उरकून साल्झबर्गची बस पकडणाऱ्या मराठी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. एक दिवस काढा आणि आयझेनश्टाटमार्गे बसने रुस्टला जा. एप्रिल ते जुलै गेलात तर करकोचे दिसतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर पहाटेचे धुके आणि वाकून एकेक मणी तोडणारी माणसे. दारावर हिरवी डहाळी दिसली की बेधडक आत शिरा, घरमालकीण मोडक्या इंग्रजीत का होईना बोलते. आउसब्रुखची छोटी, ३७५ मिलीलिटरची बाटली मिळते. महाग वाटेल, पण घासाघीस करू नका. पीत नसाल तर तळघर बघायला मागा, हौसेने दाखवतात. आणि नाशिक-सांगलीकडचे बागायतदार असाल तर तसे आवर्जून सांगा: भुरी, डावणी आणि अवकाळी पाऊस या विषयांवर तिथल्या शेतकऱ्याला तुमच्याशी तासभर बोलायचे असेल.